शीलाने तर आधीच सांगितले होते

'कुर्बानी' हा हिंदी चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो शेवटाविना. १९८१ साली, चतुर्थीच्या आधीच्या शुक्रवारी, मामा, मामी, मामेभाऊ आणि मी असे चौघे गोव्यातल्या डिचोलीहून म्हापशाच्या बाजाराला गेलो होतो. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांनी सजवून टांगतात त्या चौकटीसाठी, तोरिंगण, आंबाडे, सुपारीचा घड, कांगणी आणि एक चिबूड एवढे सामान आणायचे होते. मामाच्या मनात मात्र सामानाबरोबर तीनचा खेळही होता, हे आम्हाला बाजारातली खरेदी आटोपल्यावर कळले. मामी थोडी कुरकुरली, पण तिकिटे आधीच काढलेली होती. थिएटरात पिशव्या ठेवायला दुसरी जागा नसल्यामुळे तिने चिबडाची पिशवी दोन्ही पायांमध्ये धरली आणि पुढचे अडीच तास, पडद्यावर झीनत अमान असो की अमरीश पुरी, आमच्या रांगेत पिकत आलेल्या चिबडाचा गोड वास दरवळत राहिला. पुढच्या खुर्चीवरचा माणूस दोनदा मागे वळून पाहून गेला.

कथा लंडनला पोहोचली होती, फिरोज खान आणि विनोद खन्ना समोरासमोर उभे ठाकले होते आणि त्याच क्षणी वीज गेली. शिट्ट्या झाल्या, आरडाओरडा झाला, कोणीतरी टॉर्च घेऊन आले आणि थांबायला सांगून गेले. आम्ही अंधारात अर्धा तास बसलो. डिचोलीची शेवटची बस साडेसहाला होती आणि बाहेर पाऊस कोसळत होता. शेवटी मामाने निर्णय घेतला आणि आम्ही उठलो.

सिनेमाचा शेवट न पाहता निघालेल्या माणसांचे बसमध्ये काय होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगायला नको. मामाचे म्हणणे असे की नायिका राजेशलाच, म्हणजे फिरोज खानलाच मिळणार, कारण चित्रपट फिरोज खानचा आहे आणि स्वतःच्या पैशाने काढलेल्या चित्रपटात कोणी स्वतःला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. मामेभाऊ विनोद खन्नाचा भक्त होता. त्याच्या अमरने नायिकेची, शीलाची, किती काळजी घेतली, तेव्हा न्यायाने ती त्याचीच, असा त्याचा दावा होता. बारा वर्षांचा मी दोघांच्या मध्ये बसून कधी इकडे तर कधी तिकडे मान डोलावत होतो. अस्नोडा मागे पडल्यावर मामी, जी तोपर्यंत चिबूड फुटला तर नाही ना हे पिशवीत हात घालून चाचपत होती, कोकणीत म्हणाली, "शीलान पयलींच सांगलां मरे ताका. मागीर हे दोगूय कित्याक झगडटात?" शीलाने त्याला आधीच सांगितले आहे, मग हे दोघे कशासाठी भांडतात? तिघेही पुरुष गप्प झालो. मामाने नंतर विषय बदलला आणि नारळाच्या दरावर बोलू लागला.

त्यानंतर मी हा चित्रपट निदान सात-आठ वेळा तरी पाहिला असेल, पण मामीच्या त्या प्रश्नापलीकडे त्याची फार चांगली चिकित्सा मला कुठे सापडलेली नाही.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात अशी आहे. राजेश हा तिजोऱ्या फोडण्यात वाकबगार असलेला चोर, आणि क्लबात गाणारी-नाचणारी शीला ही त्याची प्रेयसी. राजेश तुरुंगात जातो. त्याच्या गैरहजेरीत शीलाची ओळख अमरशी होते. अमर विधुर आहे, त्याला टीना नावाची लहान मुलगी आहे, आणि जुन्या टोळीतून बाहेर पडून त्याला सरळ जगायचे आहे. तो शीलाच्या प्रेमात पडतो. राजेश सुटून येतो आणि पुढे योगायोगाने हे दोघे पुरुष जिवलग मित्र होतात. मग अमरीश पुरीचा राका, सुडाने पेटलेली शक्ती कपूर आणि अरुणा इराणी ही भावंडे, एक मोठी चोरी, पुन्हा तुरुंग, मित्राने दगा दिल्याचा संशय आणि लंडन. बाकीचा तपशील इथे महत्त्वाचा नाही, आणि खरे तर पडद्यावरही तो फारसा महत्त्वाचा नसतो.

आपण याला प्रेमाचा त्रिकोण म्हणतो, कारण माणसे तीन आहेत. पण कागदावर तीन टिंबे काढून कोणाचे मन कोणाकडे आहे हे रेषांनी दाखवू लागलो, तर त्रिकोण पुरा होत नाही. शीलाची रेषा राजेशकडे जाते आणि चित्रपटभर तिथून हलत नाही. अमरची रेषा शीलाकडे जाते, तिकडून परत येत नाही. दोन्ही टोकांनी घट्ट बांधलेली आणि चित्रपटाने जिच्यावर मनापासून जीव टाकलेला आहे अशी नवी रेषा म्हणजे राजेश आणि अमर यांची. ज्या गोष्टीचा निकाल पहिल्या तासाभरातच लागलेला आहे, तिच्यासाठी उरलेला दीड तास दोन भले पुरुष तळमळतात. शीलाचे मत कोणी विचारत नाही असे नाही. ते सर्वांना ठाऊक असते, आणि तरीही त्याचा कशावरच परिणाम होत नाही. मामीला जे खटकले ते नेमके हेच होते.

हिंदी चित्रपटाला ही रचना नवी नव्हती. 'संगम'मध्ये (१९६४) दोन मित्रांपैकी एक स्वतःवर गोळी झाडून वाट मोकळी करतो. 'मुकद्दर का सिकंदर'मध्ये (१९७८) सिकंदर मरतो आणि त्याची मेमसाब त्याच्या मित्राला मिळते. तो मित्र विनोद खन्नाच होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दोनच वर्षांत तो त्रिकोणाच्या वाचणाऱ्या कोपऱ्यातून मरणाऱ्या कोपऱ्यात आला, आणि दोन्ही वेळा संगीत कल्याणजी-आनंदजींचे होते. १९८० सालीच आलेल्या 'दोस्ताना'त झीनत अमान पुन्हा दोन मित्रांच्या मध्ये उभी राहिली, एक पोलीस अधिकारी आणि दुसरा वकील. तिथे तिचे नाव शीतल. शीला काय आणि शीतल काय, काम एकच: दोन पुरुषांची मैत्री किती खोल आहे हे मोजण्यासाठी पाण्यात सोडलेली दोरी.

गोव्यात वाढलेल्या माणसाला या कथेचा एक भाग मात्र फार ओळखीचा वाटतो, आणि तो म्हणजे पुरुषाची गैरहजेरी. आमच्याकडे घराघरांतून तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी, गेले. बोटीवर चढलेला माणूस कधी नऊ महिन्यांनी येई, कधी दोन वर्षांनी, आणि मधल्या काळात घरचे दुखलेखुपले शेजारी किंवा मित्र पाहात असे. फ्रँक फर्नांड यांचा 'निर्मोण' हा कोकणी चित्रपट (१९६६) याच भीतीवर उभा आहे: नवरा समुद्रात बुडाला असे समजून बायको पुन्हा संसार मांडते आणि तो जिवंत परततो. त्यावरून पुढच्याच वर्षी राजश्री या चित्रसंस्थेने हिंदीत 'तकदीर' काढला. 'कुर्बानी'त समुद्राच्या जागी तुरुंग आहे एवढेच. एक माणूस नाहीसा होतो, दुसरा सांभाळतो, पहिला परत येतो. सांभाळणाऱ्याचा हक्क किती, हा प्रश्न आमच्या गावांत बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसून लोकांनी खऱ्या माणसांबद्दल चर्चिलेला आहे, त्यामुळे बसमधला मामेभावाचा दावा अगदीच पोरकट नव्हता. कर्तव्यातून हक्क निपजतो अशी समजूत त्याने कोठून तरी ऐकलेलीच असणार.

जत्रेतल्या रात्रीच्या नाटकांवर पोसलेल्या आम्हा लोकांना आणखी एक तुलना सुचल्याशिवाय राहात नाही. 'सौभद्र'मध्ये सुद्धा दोन पुरुष आणि एक मुलगी आहे, थोरल्या भावाने तिला भलत्यालाच देऊ केलेले आहे. पण तिथे कृष्ण सगळ्या लटपटी करतो त्या सुभद्रेच्या मनासारखे व्हावे म्हणून, आणि देवळाच्या मांडवात पहाटेपर्यंत जागणारे प्रेक्षक दुर्योधनासाठी एक उसासाही टाकत नाहीत. सुभद्रेला अर्जुन हवा आहे, विषय संपला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली जी गोष्ट गाण्यांतून आणि फजितीतून सोडवली, ती सोडवायला शंभर वर्षांनंतरच्या हिंदी नायकांना पिस्तुले का लागली असतील, असे मला नेहमी वाटते.

मला वाटते, याचे उत्तर मारामारीच्या उपयोगात आहे. 'कुर्बानी'त हाणामारी केव्हा येते हे एकदा घड्याळ लावून पाहावे. जिथे जिथे या तिघांपैकी दोघांनी समोरासमोर बसून दोन वाक्ये बोलायला हवी असतात, तिथे तिथे कोणीतरी दार फोडून आत येते किंवा एखादी गाडी उलटते. अमरने राजेशला "मी जिच्यावर प्रेम करतो ती तुझी शीला आहे" एवढे सांगितले असते तर चित्रपट मध्यंतरालाच संपला असता. ते सांगता येत नाही म्हणून ठोसे येतात, आणि ठोसे इतके देखणे घेतलेले असतात की आपण सांगायचे राहिले होते हे विसरून जातो. आमच्या घरातही मोठ्या माणसांना कठीण विषय काढायचा असला की ते उठून गोठ्यात जात किंवा पंप बिघडला का पाहायला विहिरीवर जात. हिंदी नायक लंडनला जातो.

ही मारामारी देखणी आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. फिरोज खानला यंत्रांचा, घोड्यांचा आणि कातडी कपड्यांचा शौक होता आणि तो त्याने लपवला नाही. 'धर्मात्मा'साठी (१९७५) तो थेट अफगाणिस्तानात गेला होता, आणि इथे त्याने एका धडधाकट मर्सिडीजचा पडद्यावर चेंदामेंदा करून दाखवला. खनिजाच्या ट्रकांशिवाय फारशी वाहने न पाहिलेल्या डिचोलीच्या मुलांना त्या प्रसंगात गंमत वाटली नाही, पोटात कालवले. इतकी चांगली गाडी! आमच्या मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याचा "अरे अरे अरे" असा कळवळा ऐकू आला होता, तो मला अमरच्या मृत्यूपेक्षाही स्पष्ट आठवतो. कॅमेरा कमल बोस यांचा होता. अमजद खानला पोलिसाच्या भूमिकेत आणणे ही आणखी एक चलाखी: पाच वर्षांपूर्वीचा गब्बर आता कायद्याच्या बाजूने मिश्कील हसत उभा राहिल्यावर प्रेक्षक आपोआप सैलावत असे.

गाण्यांबद्दल बोलायला बसलो तर रात्र पुरणार नाही, तरी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संगीत कल्याणजी-आनंदजींचे आहे, पण ज्या गाण्याने त्या वर्षी धुमाकूळ घातला ते 'आप जैसा कोई' त्यांचे नाही. ते बंगळुरात वाढून लंडनमध्ये नाव काढलेल्या बिड्डूने केले आणि गायले कराचीत जन्मलेल्या नाझिया हसनने. गाणे आले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि त्याच गाण्यासाठी तिला फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला. तोपर्यंत हिंदी पार्श्वगायनात बाईचा आवाज म्हटला की एक विशिष्ट तीव्र, घोटीव उंची अपेक्षित असे. हा आवाज नाकातून येणारा, थोडा कंटाळलेला, शाळेतून नुकताच घरी आल्यासारखा होता. आमच्या भागातल्या लग्नांत बँडवाल्यांनी ते गाणे ट्रंपेटवर इतके वाजवले की 'कुर्बानी' न पाहिलेल्या आजीबाईंनाही त्याची चाल पाठ झाली होती.

दुसरे गाणे याच्या अगदी उलट स्वभावाचे, 'हम तुम्हें चाहते हैं ऐसे'. ते मनहर उधासच्या संथ, सावध आवाजात अमरच्या तोंडी आहे. मरणाऱ्या माणसाला जगण्याची जशी ओढ लागते तशी मला तुझी ओढ आहे, असे तो सुरुवातीलाच म्हणतो, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे हे गीतकार इंदीवरांनी त्या एका उपमेत सांगून टाकलेले असते. लहानपणी हे लक्षात आले नव्हते. आता ते गाणे लागले की माझे लक्ष चालीवरून उडून विनोद खन्नाच्या चेहऱ्याकडे जाते, कारण तो हे गाणे जिंकण्यासाठी म्हणत नाही. हरलेला माणूस हिशेब मांडतो तसा म्हणतो.

फिरोज खानने पोरगी स्वतःकडे ठेवली, पण प्रेक्षक विनोद खन्नाला देऊन टाकला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक तिन्ही आपणच असताना चित्रपटातला सगळ्यात मोठा क्षण दुसऱ्या नटाच्या हाती देणे सोपे नसते. मामाचा बसमधला तर्क अर्धाच खरा ठरला तो इथे.

शेवट मी पाहिला तो १९८४ मध्ये. शेजारचे एक गृहस्थ कुवेतहून सुट्टीवर आले होते आणि त्यांच्या अंगणात व्हीसीआर लावून रात्रभर तीन चित्रपट दाखवण्याचा बेत होता. 'कुर्बानी' दुसरा होता. पहाटेच्या सुमारास, निम्मी मंडळी चटयांवर घोरत असताना, अमरने मित्रासाठी प्राण दिले आणि मी पंधरा वर्षांच्या पोराला शोभेल असा ढसाढसा रडलो. मामेभाऊ जागा होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि "तीन वर्षांपूर्वी बस सोडली असती तर बरे झाले असते," एवढेच म्हणाला.

मी स्वतः मुलीचा बाप झाल्यावर मात्र त्या शेवटाने मला रडवायचे थांबवले आणि चिडवायला सुरुवात केली. कारण अमर एकटा नाही. त्याला टीना आहे. त्याचा सगळा मोठेपणा चित्रपटाने सुरुवातीपासून या बापलेकीच्या नात्यावरच उभा केला आहे. तो गुन्ह्यातून बाहेर पडू पाहतो तो तिच्यासाठी, आणि शीलाच्या जवळ येतो तोही बराचसा तिच्यामुळे. नायिकेवर जीव ओवाळून टाकणारा तरुण मरतो तेव्हा आपण त्याला त्याग म्हणू शकतो. आई नसलेल्या मुलीचा बाप मैत्री सिद्ध करण्यासाठी मरतो तेव्हा त्या त्यागाची किंमत दुसरेच कोणीतरी भरत असते, आणि त्या लहान मुलीला ती किंमत कोणी विचारलेली नसते. शीलाला जसे विचारले नाही तसेच. नायिकेचे मत ठाऊक असूनही बिनकामाचे, आणि मुलीचे मत तर कोणाच्या गावीही नाही. त्यागाच्या प्रसंगी पार्श्वसंगीत इतके मोठे का करतात हे मला त्या दिवशी समजले.

तरीही मी तो पाहतो. विनोद खन्ना चांगला दिसतो हे एक कारण आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दुसरे असे की हा माणूस खऱ्या आयुष्यातही ऐन भरात असताना सगळे सोडून गेला होता. १९८२ साली त्याने हिंदी चित्रपटसृष्टीकडे पाठ फिरवली, ओरेगॉनमधल्या ओशोंच्या आश्रमात जाऊन बागकाम केले आणि १९८७ मध्ये 'इन्साफ' घेऊन परतला. म्हणजे मी कुवेतवाल्या शेजाऱ्याच्या अंगणात त्याच्या मरणावर रडत होतो तेव्हा तो साता समुद्रापार झाडांना पाणी घालत होता. परतल्यावर १९८८ मध्ये फिरोज खानने त्याला 'दयावान'मध्ये मुख्य भूमिका दिली. फिरोज खान बंगळुरात वारला तो २७ एप्रिल २००९ रोजी. विनोद खन्ना मुंबईत गेला तो २७ एप्रिल २०१७ रोजी. एवढा योगायोग एखाद्या पटकथेत लिहिला असता तर आपण हसलो असतो.

यंदा पावसाळ्यात मामीकडे गेलो होतो. मामा आता नाही, ती पंच्याऐंशीच्या पुढे आहे आणि तिला ऐकू कमी येते. फोनवर शेवटची पंधरा मिनिटे लावून दिली आणि म्हापशाला वीज गेली होती ती इथे, असे मोठ्याने सांगितले. तिने चष्मा पुसून शांतपणे सगळे पाहिले. अमर पडल्यावर तिच्या चेहऱ्यावर काही हलले नाही. ती फक्त टीनाकडे बोट दाखवून "हिचे वय किती असेल?" असे विचारून गेली, आणि मी पाच-सहा म्हटल्यावर तिने जीभ टाळूला लावून एक "च्" केले.

फोन बंद केल्यावर मी तिला बसमधल्या त्या वाक्याची आठवण दिली. तिला ते मुळीच आठवत नव्हते. तिला आठवत होता तो चिबूड. माटोळीला बांधायच्या आदल्या रात्री तो देठाकडून फाटला, म्हणाली, आणि तुझ्या मामाने घाईने दुसरा आणला तो अगदी हिरवा होता, विसर्जनापर्यंत पिकला म्हणून नाही.